अथणीच्या पूर्व भागासाठी शाळेचा प्रकल्प: विहीर आणि झाडं – जाणकारांनी आकड्यांसह सांगावं

वडगावच्या_बाई
नमस्कार मंडळी. बेळगाव शहरातल्या एका मराठी शाळेची आठवी-नववीची मुलं रद्दी, आकाशकंदील आणि पालकांच्या देणग्या यांतून निधी जमवताहेत. तो अथणी तालुक्यात तेलसंगच्या बाजूच्या एका वस्तीसाठी वापरायचा आहे. मार्चपासून तिथं टँकर लागतो. वस्तीवर प्राथमिक शाळा आहे, शाळेमागं जुनी पडकी विहीर आहे, पलीकडं थोडं गायरान आहे. आजचा आराखडा असा: एक बोअर मारायचं आणि ५ जूनला पर्यावरण दिनी गायरानात ५०० झाडं लावायची. आंबा, जांभूळ, वड, पिंपळ, गुलमोहर अशी यादी आहे. यात काय बदलावं, प्रमाण किती ठेवावं, कागदपत्रं कोणती लागतील, काम कुठं फसतं, हे सांगा. धागा मुलांनाच वाचायला देणार आहे, म्हणून आकडे आणि कारणं दोन्ही हवीत.

अग्रणीकाठ
बाई, बोअर तूर्त बाजूला ठेवा. आधी ती पडकी विहीर मोजा.

अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडी हा बसाल्टचा पट्टा. गोकाककडं वालुकाश्म लागतो, तिथला हिशेब निराळा. आपल्याकडं वर माती, खाली मुरूम, त्याखाली छिद्रांचा मऊ मांजऱ्या खडक, मध्येच एखादा गेरूचा तांबडा थर आणि मग काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळं उथळ थर सुकला की खोल बोअरमध्ये पाणी लागेलच असं नाही. एका बोअरला भेग सापडते, वीस फुटांवरच्या दुसऱ्यातून नुसता धुरळा येतो. मोठ्या व्यासाच्या विहिरीत झरे चारी बाजूंनी येतात आणि रात्रभर झिरपलेलं पाणी सकाळी वापरायला साठून राहतं. बोअरमध्ये असा साठा राहत नाही.

एकाच जिल्ह्यात किती फरक आहे ते मुलांना नकाशावर दाखवा. खानापूरच्या घाटमाथ्यावर कणकुंबीला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीला वर्षाचा साडेपाचशेच्या आसपास. २०१९ मध्ये कृष्णाकाठची गावं पुरात होती. त्याच तालुक्याच्या पूर्वेकडच्या वस्त्यांना मात्र उन्हाळ्यात टँकर लागतो, कारण नदीचं पाणी चढावर आपोआप जात नाही.

मोजणी एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये कुठलीही विहीर भरलेली दिसते, त्यावरून काही ठरवता येत नाही. पद्धत अशी:

विहिरीचा व्यास टेपनं घ्या. पंप लावून पाणी तळाजवळ आणा, पंप बंद करा आणि दर १० मिनिटांनी पातळी किती चढली ते लिहा. ४ मीटर व्यासाच्या विहिरीचं क्षेत्रफळ १२.५६ चौरस मीटर. तासात पातळी २५ सेंटिमीटर चढली तर ३.१४ घनमीटर, म्हणजे ३,१४० लिटर पाणी आलं. मात्र हा पहिल्या तासाचा आकडा २४ ने गुणून दिवसाचं पाणी काढू नका. पातळी वर येते तसा झऱ्याचा जोर कमी होत जातो. पूर्ण २४ तास थांबून एकूण चढ मोजा, तोच दिवसाचा खरा आकडा. आसपासच्या तीन-चार विहिरींची पातळीही त्याच दिवशी घ्या. सगळ्याच कोरड्या असतील तर तुमची खोल करून उपयोग नाही. शेजारच्या दोघींना पाणी आणि तुमची कोरडी, तर गाळानं झरे बुजलेत असं समजायला जागा आहे.

मुरूम_आणि_गेरू
वरच्याला जोडून. नारळ किंवा काडी घेऊन जागा दाखवणारे पाणाडे गावागावांत आहेत, लोकांची श्रद्धाही आहे. वाद घालू नका, पण खर्च त्यावर ठरवू नका. विहिरींच्या पातळीचा नकाशा आणि ओढ्याची दिशा जास्त सांगतात. शंका राहिलीच तर विद्युत-रोधकता सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखायची मोजणी) करून घ्या, फुकट गेलेल्या एका बोअरपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं.

दुष्काळी_शिक्षक
पण टँकरवर जगणाऱ्या लोकांना "विहीर मोजतोय" हे काय सांगणार? बोअर दोन दिवसांत होतं आणि पाणी लगेच दिसतं. पालकांना पण तेच पटतं.

अग्रणीकाठ
दिसतं, पण टिकेल का ते बोअर मारताना कळत नाही. फेब्रुवारीत तीन इंच पाणी देणारं बोअर मेमध्ये अर्ध्या तासात हवा ओढतं, कारण भोवतीच्या ऊस-द्राक्षांची बोअर त्याच भेगेतून उपसत असतात. शाळेचं बोअर आणि बाजूचं ५ एचपीचं बोअर यांच्या शर्यतीत शाळा हरणारच.

शिवाय कायदा आहे. कर्नाटकाचा भूजल नियमन कायदा २०११ चा, नियम २०१२ चे. अधिसूचित भागात परवानगीशिवाय बोअर मारता येत नाही आणि बोअर मारणारी गाडीही नोंदणीकृत लागते. तालुका अधिसूचित आहे का ते जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात विचारा.

आणि तिसरी गोष्ट, जी मुलांसमोर स्पष्ट बोलली पाहिजे. एप्रिल २०१७ मध्ये ह्याच अथणी तालुक्यात झुंजरवाडला एक सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडून गेली. सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश २०१० पासून आहेत: काम सुरू करण्याआधी १५ दिवस अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, कामाभोवती काटेरी तारेचं कुंपण आणि फलक लावायचा, केसिंगभोवती (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपभोवती) ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा सिमेंटचा चौथरा बांधायचा (निम्मा जमिनीवर, निम्मा खाली), तोंडावर लोखंडी पत्रा वेल्ड करायचा किंवा बोल्टनं घट्ट टोपण बसवायचं. कोरडं गेलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून काढायचं. तोंडावर दगड किंवा गोणपाट ठेवणं म्हणजे बंद करणं नव्हे. वस्तीवर आधीची उघडी बोअर असतील तर निधीतला पहिला खर्च ती बुजवण्यावर करा. कमी पैशांत होणारं आणि सर्वांत निकडीचं काम ते आहे.

आडबांधणी
विहीर दुरुस्तीचं मी लिहितो. सगळ्यात आधी एक नियम: विहिरीत एकही विद्यार्थी उतरणार नाही. गाळ काढण्याच्या "श्रमदानाचा" फोटो कितीही चांगला दिसला तरी नाही.

बंद पडलेल्या विहिरीत कुजलेला पाला असतो. तळाशी कार्बन डायऑक्साइड साठतो, प्राणवायू कमी होतो. त्याला वास नसतो. एक माणूस खाली कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. एकाच विहिरीत दोघं-तिघं जातात ती याच कारणानं. दिवा सोडून बघायची जुनी रीत प्राणवायू फारच कमी असेल तेव्हाच इशारा देते. डिझेल इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्योतीवर दिसत नाही. म्हणून इंजिन विहिरीत किंवा काठाला लागून कधीच ठेवायचं नाही, सबमर्सिबल पंप वापरायचा. कामाआधी आणि काम चालू असताना ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा द्यायची. भाड्यानं गॅसमापक मिळाला तर उत्तमच. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, वर दोर धरून किमान दोन माणसं. खालचा माणूस बोलेनासा झाला तर त्याला दोरानं वर ओढायचं, मागोमाग कुणी उतरायचं नाही.

गाळ उन्हाळ्यात काढा. पाणी एकदम पूर्ण उपसू नका. जुन्या दगडी बांधणीच्या मागं ओली माती असते, आतल्या पाण्याचा आधार अचानक गेला की बांधणी आत ढासळते. दिवसाला एक-दीड मीटरनं उतरवा आणि बांधणीला फुगवटा आला का ते बघत राहा.

वरच्या ३ मीटरची बांधणी सिमेंटमध्ये बंद करून घ्या. गटाराचं, गोठ्याचं पाणी तिथूनच आत मुरतं. त्याखाली मुरमाच्या थरात सांधे उघडे किंवा पाणी झिरपायला भोकं ठेवा, म्हणजे झरे आत येतील. पक्का खडक लागला की बांधणीची गरज नाही. कठडा जमिनीपासून किमान १ मीटर उंच. भोवती १ मीटर रुंद सिमेंटचा ओटा, उतार बाहेरच्या बाजूला. ओट्यावर सांडलेलं पाणी नाळीनं किमान ८-१० मीटर लांब न्यायचं. तिथं एखादं झाड लावलं की ते वाया जात नाही. शोषखड्ड्याचा संडास विहिरीपासून १५ मीटरच्या आत नको. आपल्या भेगाळ खडकात ३० मीटर धरा, आणि संडास चढाच्या बाजूला असेल तर त्याहून जास्त.

आडव्या बोअरचा (विहिरीच्या भिंतीतून आडवं मारलेल्या भोकाचा) सल्ला कुणीतरी देईलच. खडक भेगाळ असेल तर उपयोग होतो, पण ती पुढच्या वर्षीची गोष्ट. आधी गाळ काढून २४ तासांची मोजणी पुन्हा घ्या.

वडगावच्या_बाई
विहिरीत मुलं उतरणार नाहीत, हे पक्कं. गाळ काढल्यावर पाणी लगेच पिता येईल का?

आडबांधणी
नाही. आधी निर्जंतुकीकरण, मग तपासणी.

पाण्याचं घनफळ: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ०.७८५. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर ३७.७ घनमीटर, म्हणजे ३७,७०० लिटर. दुरुस्तीनंतरच्या जबर मात्रेला ३३ टक्के क्लोरिनची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे इथं सुमारे साडेपाच किलो. कठड्याच्या आतल्या भिंतीही त्याच पाण्यानं धुवायच्या. रात्रभर ठेवून वास जाईपर्यंत उपसायचं. उपसलेलं पाणी ओढ्यात किंवा रोपांना सोडायचं नाही.

रोजच्या वापराची मात्रा १,००० लिटरला २.५ ग्रॅम. याच विहिरीला ९५ ग्रॅमच्या आसपास. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, बादली पाण्यानं भरा, दहा मिनिटं चुना तळाशी बसू द्या. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीनं विहिरीत खाली-वर हलवा. तळाचा चुना फेकून द्यायचा. तासाभरानं क्लोरोस्कोपवर (पाण्यातला क्लोरिन मोजायच्या साधनावर) ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरिन शिल्लक दिसला पाहिजे. दिसला नाही तर पावडर शिळी आहे किंवा पाण्यात घाण आहे. उघडी पिशवी पावसाळ्यात ठेवली की तिची ताकद झपाट्यानं उतरते. हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

पाणीतपास
तपासणीला पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० धरा. फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेट ४५, याला सवलत नाही. विरघळलेले क्षार ५००, नाइलाजास्तव २,०००. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको.

नमुना घेण्यातच जास्त चुका होतात. रासायनिक तपासणीला १ लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली, त्याच पाण्यानं तीनदा खळखळून. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटली. ती धुवायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. क्लोरिन टाकलेल्या पाण्याचा जंतूनमुना घ्यायचा असेल तर तसं आधी सांगा, त्या बाटलीत क्लोरिन मारणारं रसायन घालून देतात. वर्षातून दोनदा तपासा: पावसाळ्यानंतर एकदा आणि मेमध्ये एकदा. क्षार आणि फ्लोराइड मेमध्ये चढतात, जंतू पावसाळ्यात.

उसाच्या पट्ट्यात नायट्रेट नीट बघा. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळांना धोका सर्वांत जास्त. ४५ च्या वर आलं तर विहीर झाडांना, जनावरांना आणि धुण्याला ठेवायची, पिण्याला दुसरी सोय करायची.

शेडबाळचा_वाचक
विहिरीत पाणी वाढवायला शेतातून येणारा ओहोळच विहिरीकडं वळवला तर? फुकटात भरेल की ओ.

पाणीतपास
नको. शेतातला ओहोळ म्हणजे युरिया, कीटकनाशक आणि शेणाचं पाणी. मातीच्या थरातून मुरायच्या ऐवजी ते थेट झऱ्यापर्यंत पोचतं, आणि एकदा खडकाच्या भेगांत गेलेलं औषध धुवून काढता येत नाही. पिण्याच्या विहिरीला फक्त छपराचं पाणी. ओहोळाचं पाणी लांब चढावर चर खणून जिरवा.

छप्पर_ते_झरा
छपराचा हिशेब मुलांना वर्गात करायला द्या: क्षेत्रफळ × पाऊस × ०.८. शाळेचं छप्पर २०० चौरस मीटर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ८०,००० लिटर. दुष्काळी वर्षाला पाऊस ३०० धरा, ४८,००० लिटर. आराखडा दुसऱ्या आकड्यावर करायचा.

गाळणीची टाकी १.५ मीटर लांब, १ मीटर रुंद, १.२ मीटर खोल. तळाला ३० सेंटिमीटर ४० मिलिमीटरचे गोटे, त्यावर ३० सेंटिमीटर २० मिलिमीटरची खडी, त्यावर नायलॉनची जाळी, त्यावर ३० सेंटिमीटर जाड धुतलेली वाळू, वरची ३० सेंटिमीटर मोकळी. पाणी वाळूवर पडतं तिथं फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर धारेनं खड्डा पडतो. तळातून निघणारा पाइप विहिरीत सोडा, त्याच्या तोंडाला जाळी. टाकीला ओसंडण्याचा पाइप हवाच. वळवाच्या सरीत तासाला ५० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस आला तर २०० चौरस मीटरवर तासात १०,००० लिटर पडतं, एवढं वाळूतून उतरत नाही.

पहिलं पाणी सोडून देणं हा भाग हमखास चुकतो. छपरावरची धूळ, पाला, कबुतरांची घाण धुवायला निदान १ मिलिमीटर पाऊस जातो, २०० चौरस मीटरला म्हणजे २०० लिटर. ४ इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जेमतेम आठ लिटर मावतं, त्यामुळं पाइपचा छोटा तुकडा लावून भागत नाही. २०० लिटरचं पिंप लावा, खाली बारीक भोक ठेवा, म्हणजे दोन सरींच्या मधे ते आपोआप रिकामं होईल.

दरवर्षी मेमध्ये वाळूचा वरचा ५ सेंटिमीटरचा थर काढून धुवायचा. तो तसाच राहिला तर दुसऱ्या पावसाळ्यात टाकी तुंबते आणि मग कुणीतरी पाइप काढून पाणी थेट विहिरीत सोडतं. जुन्या सिमेंट-पत्र्याच्या छपराचं पाणी पिण्याच्या विहिरीत नको, झाडांच्या टाकीला घ्या.

हिवर
आता झाडांकडं येतो. ५०० हा आकडा कुठून आला? झाडांची संख्या पाण्यावरून ठरते.

माळावरच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आच्छादन घालूनसुद्धा आठवड्याला १० लिटर पाणी लागतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनपर्यंत साधारण २८ आठवडे, म्हणजे रोपामागं २८० लिटर. १०० झाडांना २८,००० लिटर, ५०० झाडांना १,४०,००० लिटर. दर आठवड्याला ५,००० लिटरचा एक टँकर नुसता झाडांना, आणि तोही वस्तीला पिण्यासाठी टँकर येत असताना. लोक पाणी देणार नाहीत आणि त्यांनी देऊही नये. दुसऱ्या उन्हाळ्यातही पाणी लागतं, फक्त पाळी पंधरा दिवसांवर जाते.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी १०० झाडं, त्यांतली ८५ दुसऱ्या जूनला उभी. मग पुढची १००.

माळरान
१०० चं पटलं. मातीचं मडकं वापरलं तर पाणी बरंच कमी लागतं. ५-६ लिटरचं, चकाकी न दिलेलं, कुंभाराकडचं साधं मडकं रोपापासून २० सेंटिमीटरवर गळ्यापर्यंत पुरायचं, वर झाकण. आठवड्यातून एकदा भरायचं, एप्रिल-मेमध्ये दोनदा. झाकण नसलं तर डास होतात आणि पाणी उडून जातं. आपल्या जड पाण्यानं दोन हंगामांत मडक्याची छिद्रं बुजतात, पण तेवढ्यात मुळं खाली गेलेली असतात. काळ्या मातीत मात्र मडकी फुटतात. माती फुगते-आकसते त्या दाबानं. मुरमाड जागेतच वापरा.

रोपवाटिका_खानापूर
यादी बदलावी लागेल. जांभूळ खानापूर-नंदगडला रानात येतो, अथणीच्या माळावर पाण्याशेजारीच जगेल. कलमी आंब्याला पहिली तीन-चार वर्षं पाणी लागतं, तो गायरानात नको, कुणाच्या परसात द्या. गुलमोहराची फांदी वाऱ्यात मोडते, शाळेच्या अंगणात तर नकोच.

मुरमाड, उथळ जागेला: कडुनिंब, हिवर, खैर, बोर, सीताफळ, शमी, आपटा. माती दोन-तीन फूट खोल असेल तिथं: चिंच, करंज, कवठ, बेल, आवळा, बाभूळ. विहिरीच्या ओट्याच्या सांडपाण्यावर: जांभूळ, शेवगा, हादगा. वड, पिंपळ, उंबर जरूर लावा, पण विहिरीपासून निदान २० मीटर लांब. त्यांची मुळं बांधणीच्या सांध्यांत शिरतात आणि दगड बाहेर ढकलतात. निलगिरी आणि वेडी बाभूळ नको. सुबाभूळ बी टाकून सगळं गायरान व्यापते, तीही नको.

जागा चुनखडीची असेल (मातीवर लिंबाचा रस टाकल्यावर फसफसते) तर यादी थोडी बदला. तिथं बोर, कडुनिंब, हिवर धरा.

वन खात्याच्या रोपवाटिकेत ५ × ८, ६ × ९ आणि ८ × १२ इंची पिशव्यांतली रोपं सवलतीत मिळतात. गायरानाला ८ × १२ चंच घ्या, रोप ३ ते ४ फूट. मागणी जानेवारी-फेब्रुवारीत नोंदवा, जूनमध्ये उरलेली रोपं हाती येतात. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांचं वेटोळं दिसलं तर धारदार ब्लेडनं खालचा एक सेंटिमीटर कापून टाका, नाहीतर झाड चौथ्या-पाचव्या वर्षी वाऱ्यानं उपटतं.

बियांपासून मुलांना रोपं करता येतात. कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांतच उगवणशक्ती गमावतं, म्हणून जून-जुलैत पिकली निंबोळी गोळा करून लगेच गर धुवून पेरायची. चिंचोका रात्रभर भिजवायचा. बाभळीच्या बियांवर उकळी काढून उतरवलेलं पाणी ओतायचं आणि त्यातच रात्रभर ठेवायचं.

हिवर
लागवडीची रीत. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. मातीत ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटर, मुरमात ६०. दोन खड्ड्यांत ४ ते ५ मीटर. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती, दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. न कुजलेलं शेण घातलं की उधई रोप खाते.

५ जूनला लागवड करू नका. पूर्वेकडं जूनचा पाऊस बेभरवशाचा, जुलैत उघडीप पडते, मोठा पाऊस सप्टेंबरात. लोखंडी सळई हातानं दाबून दीड फूट सहज आत गेली की जमीन ओली झाली असं धरा, आणि त्याच आठवड्यात लावा. ५ जूनला खड्डे मोजणं, पाट्या रंगवणं, बी पेरणं हे करा.

रोपाभोवती खोलगट आळं, त्यात उसाचं पाचट १० सेंटिमीटर जाड, खोडापासून चार बोटं लांब. पाचट आपल्याकडं जाळून टाकतात, मागितलं तर फुकट मिळतं. काळ्या मातीत जानेवारीनंतर भेगा पडतात आणि मुळं उघडी होतात. खुरप्यानं माती मोकळी करून भेगा बुजवत राहायच्या.

कुंपण सगळ्यांत महत्त्वाचं. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप येतात. बोरी-बाभळीच्या फांद्या प्रत्येक रोपाला साडेचार फूट उंच बांधा. मेंढपाळांशी आणि गायरानात गुरं चारणाऱ्या घरांशी लागवडीआधी बोलणं झालं पाहिजे. पूर्ण गायरान बंद केलं तर कुंपण रात्री मोडलं जाईल. एक चतुर्थांश बंद करा, तीन वर्षांनी पुढचा तुकडा.

चिकोडी_शैक्षणिक
कागदपत्रं. गायरान शाळेचं नसतं. आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) काढून सर्वे नंबर, क्षेत्र आणि कुणाच्या नावावर आहे ते बघा. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं) अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठी प्रत मागं जोडा. फक्त मराठी अर्ज महिनाभर पडून राहतो. फलकही दोन्ही भाषांत करा, वस्तीवर दोन्ही बोलणारे आहेत. त्या प्राथमिक शाळेच्या एसडीएमसीचा (शाळा विकास आणि देखरेख समितीचा) ठराव वेगळा लागेल, कारण विहीर शाळेच्या आवारात असेल तर देखभालीची जबाबदारी तिच्यावर येते. ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: पाणी कुणाला मोफत, पंप बिघडला तर पैसे कुठून, विहिरीची किल्ली कुणाकडं.

खड्डे आणि चर रोजगार हमीच्या आराखड्यात बसतात का ते ग्रामसभेआधी विचारा. बसले तर तुमचा निधी पाण्याला आणि राखणीला वाचतो. शेतकऱ्यांनी बांधावर झाडं लावली तर वन खात्याच्या कृषी अरण्य प्रोत्साह योजनेतून जगलेल्या रोपामागं तीन वर्षं अनुदान मिळतं. नोंदणी रोपं घेतानाच करायची. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून थेट देणगी घेऊ नका, त्याला वेगळी नोंदणी लागते.

दुष्काळी_शिक्षक
एक अडचण कुणी लिहिली नाही. कर्नाटकात शाळांना सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत. झाडांना पाणी सर्वांत जास्त लागतं नेमकं तेव्हा. "मुलं पाणी घालतील" या एका वाक्यावर बरेच प्रकल्प सुकतात.

हिवर
बरोबर. त्यासाठी वस्तीवरचाच एक माणूस एप्रिल-मेसाठी पगारी ठेवा, शक्यतो कुंपणाजवळ घर असलेलं. १०० झाडांना आठवड्याला दोन दिवसांचं काम. ही मजुरी पहिल्या दोन उन्हाळ्यांसाठी आधीच बाजूला काढा, नाहीतर सगळे पैसे फलकात आणि उद्घाटनात जातात.

वडगावच्या_बाई
आराखडा असा बदलतेय. मे: विहीर आणि शेजारच्या विहिरींची मोजणी, उघड्या बोअरची यादी, पाण्याचा नमुना. त्यानंतर ग्रामसभा आणि ठराव. निधीचा क्रम: उघडी बोअर बुजवणं, गाळ आणि बांधणी, छपराची गाळणी, १०० झाडं, दोन उन्हाळ्यांची मजुरी. बोअर रद्द. मुलांकडं पाऊस आणि पातळी मोजणं, रोपवाटिका, झाडांची गणती. पातळी दर आठवड्याला कशी मोजायची, तेवढं सांगा. विहिरीवर वाकून बघायला नको आहे.

अग्रणीकाठ
कठड्यावर एक बिंदू रंगानं पक्का करा, दरवेळी तिथूनच मोजायचं. मोजणारा कठड्याच्या बाहेर उभा राहील, सोबत एक मोठं माणूस. न ताणणारी टेप घ्या, सुती दोरी ओली झाली की लांबी बदलते. टेपच्या टोकाला तोंड खाली केलेली छोटी लोखंडी वाटी बांधा. पाण्याला टेकली की "डुब्ब" असा आवाज येतो, तेव्हा बिंदूवरचा आकडा वाचायचा. सोमवारी सकाळी, उपसा सुरू होण्याआधी. वहीत तारीख, खोली, आदल्या आठवड्याचा पाऊस आणि त्या दिवशी पंप चालू होता का, एवढे चार रकाने. सुट्टीत ही वही पाणी घालणाऱ्या माणसाकडं राहू द्या. पावसासाठी सरळ भिंतीचा डबा चालतो, पण झाडाखाली आणि छपराच्या पागोळीखाली ठेवू नका. झाडांची गणती ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि जूनमध्ये, प्रत्येक झाडाच्या नंबरासमोर जिवंत, सुकलेलं की खाल्लेलं ते लिहून. सुकलेल्यांची संख्या जास्त निघाली तर पाण्याची पाळी वाढवा, खाल्लेल्यांची निघाली तर काटे.